गळ्याशी आलेली परंपरा

माझ्या भाच्याने वस्तरा विकत घेतला ही बातमी बहिणीने फोनवर सांगितली, तेव्हा तिचा सूर पूर्वी मुलगा नाटक कंपनीबरोबर पळाला की घरोघरी लागत असेल तसा होता. "दादा, त्याने वस्तरा आणलाय." मी विचारलं, "कशाला?" ती म्हणाली, "दाढी करायला, म्हणतोय." त्या 'म्हणतोय'मध्ये आईची सगळी काळजी आली. वास्तविक दाढी करायला वस्तरा आणला यात घाबरण्यासारखं काही नाही. दुसऱ्या कशासाठी आणला असता तर गोष्ट वेगळी. पण हिंजवडीत नोकरी करणारा, एकोणतिसाव्या वर्षीही पोळीला तूप आईकडून लावून घेणारा हा मुलगा उघडं पातं स्वतःच्या गळ्याला लावणार, हे ऐकून मी रविवारी सकाळीच त्यांच्याकडे गेलो.

वस्तरा पाहिला. पाहण्यासारखाच होता. जर्मनीतल्या झोलिंगेन गावचा. चाकू-सुऱ्यांवर या गावाचं नाव घालायचं तर माल तिथेच तयार झालेला असावा लागतो, असा १९३८ सालापासून तिकडे कायदा आहे. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेच्या नावाखाली काय काय विकलं जातं ते आठवून मला त्या गावाचा हेवा वाटला. पातं दोन्ही अंगांनी खोलगट घासून इतकं पातळ केलेलं, की नखाने टिचकी मारली तर वाजावं. मूठ ऑलिव्हच्या लाकडाची. सोबत चामड्याचा लांब पट्टा, धार लावायचे तीन दगड, कुठल्याशा युरोपीय जनावराच्या केसांचा ब्रश, फेस करायचा वाडगा आणि तुरटी. तुरटी फ्रान्सची. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे दहा रुपयांत मुठीएवढी मिळते तीच, फक्त हिला डबी होती.

"सगळं मिळून किती?" मी विचारलं.

"मामा, तू किमतीकडे बघू नकोस. यात पैसे वाचतात."

पैसे वाचवण्यासाठी लोक किती खर्च करतात हे मी आयुष्यभर बघत आलो आहे, त्यामुळे दचकलो नाही. आकडा २३,००० निघाला. आमच्या नानांच्या सलूनमध्ये दाढीचे ७० रुपये पडतात. म्हणजे एवढ्या पैशांत ३२८ दाढ्या झाल्या असत्या. आठवड्याला दोन धरल्या तर तीन वर्षांहून जास्त. शिवाय दर दाढीमागे नानांकडच्या बातम्या फुकट. भाचा म्हणाला, "पण वस्तरा जन्मभर टिकतो." खरं आहे. त्याच्या पहिल्या आठवड्यातल्या हनुवटीकडे बघता, दोघांपैकी वस्तराच जास्त टिकेल असं मलाही वाटलं.

दुसरं कारण निसर्ग. वापरून फेकायच्या रेझरमुळे प्लॅस्टिकचा कचरा होतो, वस्तऱ्यामुळे होत नाही. हे तो सांगत होता तेव्हा कोपऱ्यात, जर्मनीहून विमानाने आलेल्या खोक्याच्या आतल्या खोक्याच्या आतल्या खोक्याभोवतीचं फुग्याफुग्यांचं प्लॅस्टिक पडलं होतं आणि माझी बहीण त्यातले फुगे एकेक करून फोडत होती. तिला त्यातच शांतता मिळत असावी.

तिसरं कारण मात्र मला पटलं. तो म्हणाला, "कंपन्या आपल्याला मूर्ख बनवतात." किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकन गृहस्थ मूळचा बाटल्यांच्या बुचांचा फिरता विक्रेता. बूच उघडलं की फेकायचं आणि गिऱ्हाईक पुन्हा दारात, ही त्या धंद्यातली गंमत त्याने दाढीला लावली. १९०३ साली त्याने विकले ५१ रेझर आणि १६८ पाती. एखाद्या गावच्या जत्रेतही याहून जास्त माल खपतो. मग १९०४ साली पेटंट मिळालं, पुढे महायुद्धात अमेरिकन सरकारने त्याचेच रेझर आपल्या सैनिकांच्या सामानात दिले, आणि जगाची हनुवटी त्याच्या ताब्यात गेली. १९७१ साली एका पात्याची दोन पाती झाली. १९९८ साली तीन, २००६ साली पाच. पहिलं पातं केस कापतं हे समजतं. उरलेली चार बहुधा पाहणीला येत असावीत, सरकारी कामावर एक खोदणारा आणि चार बघणारे असतात तशी. या वेगाने माझ्या नातवाच्या लग्नापर्यंत रेझर किसणीएवढा होईल. तेव्हा पाच पात्यांना विटलेला माणूस एका पात्याकडे वळतो यात नवल नाही. बुफेला विटलेला माणूस पिठलं-भाकरीकडे वळतो तसंच ते. आणि चुलीवरची म्हटलं की ती भाकरी बुफेहून महाग पडते, तेही तसंच.

आणि चौथं कारण आलं. भाचा छाती पुढे काढून म्हणाला, "मामा, ही आपली परंपरा आहे. आजोबांची."

त्याचे आजोबा म्हणजे माझे वडील. त्यांनी उभ्या हयातीत वस्तरा हातात धरला नाही. त्यांच्याकडे पितळेचा, तीन भागांत उघडणारा सेफ्टी रेझर होता, म्हणजे त्या बूचवाल्याचीच कृपा. खिडकीच्या गजाला आरसा टांगायचा, ॲल्युमिनियमच्या वाटीत गरम पाणी घ्यायचं, आणि आम्ही मुलांनी अंतर राखून उभं राहायचं. ब्लेड बोथट झालं की ते काचेच्या पेल्यात आतल्या बाजूने बोटाने दाबून घासायचे. त्यावर आणखी चार दाढ्या निघत. मग ते ब्लेड माझ्या आईकडे उसवायला जाई, तिच्याकडून आमच्याकडे पेन्सिलींना टोक करायला, आणि शेवटी गंजून आजीच्या डब्यात, कशाला तरी लागेल म्हणून. निसर्गाचं रक्षण त्या घरात असं चाललं होतं आणि त्याला कोणी निसर्गाचं रक्षण म्हणत नव्हतं, चिक्कूपणा म्हणत.

वडिलांचे वडील गावी असायचे. त्यांचा वस्तऱ्याशी संबंध होता, पण तो गळ्याचा, हाताचा नव्हे. न्हावी धोकटी घेऊन घरी यायचे. अंगणात उकिडवं बसायचं, आरसा आपणच धरायचा, आणि मान वर करून डोळे मिटायचे. साबण बहुतेक नसायचाच. वाटीतलं पाणी गालाला चोळचोळून खुंट मऊ करायचे. ज्यांना 'बिनपाण्याने करणे' हा वाक्प्रचार नुसता अलंकार वाटतो, त्यांनी ही पद्धत पाणी वगळून मनात आणावी. या कामाचा मोबदला रोख नव्हता. सुगीला खळ्यावर बलुतं मिळायचं, चार पायल्या धान्य. आमच्या आजोबांनी देताना माप कधी सांडू दिलं नाही, असं घरात अभिमानाने सांगत.

म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचा गळा भादरण्याची परंपरा आपल्याकडे कोणाचीच नव्हती. हवा असेल तर एक पुरावाही देतो. हिंदीत माकडाच्या हातात उस्तरा असतो. मराठीत माकडाच्या हाती कोलीत. मी यावर बराच विचार केला आहे. आपल्या पूर्वजांना माकडाच्या हातात वस्तरा सुचला कसा नाही? कारण वस्तरा न्हाव्याच्या धोकटीबाहेर येतच नसे. माकडाच्या हाती लागणार कुठून? चूल मात्र घरोघरी होती. (भाषातज्ज्ञांनी हे खोडून काढावं. तोवर मी हेच सांगत राहणार.)

साहेब लोकांचं निराळं. अठराव्या शतकात पॅरिसमधल्या झां-झाक पेरे नावाच्या कारागिराने स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे तिकडेही ही गोष्ट आपोआप येत नव्हतीच. पण तिकडचा सद्गृहस्थ शिकला. त्याच्यासाठी सात वस्तऱ्यांची पेटी निघाली, प्रत्येकावर वाराचं नाव कोरलेलं. वापरलेल्या धारेला आठवडाभर विश्रांती मिळावी म्हणून. भाच्याला तसली पेटी घ्यायची आहे. मी त्याला म्हटलं, आपल्या घरात ती परवडणार नाही. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. चार वस्तरे कायमचे विश्रांतीवरच. श्रावणात तर उरलेले तीनही.

परंपरेचं नाव काढलं म्हणून एक सांगतो, पुन्हा विनोदाकडे वळूच. आपल्याकडे याच वस्तऱ्याने विधवांची डोकी भादरली. त्यात दहा-बारा वर्षांच्या मुलीही होत्या. १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा घेतली आणि हे काम आम्ही करणार नाही असं ठरवलं. वस्तऱ्याच्या आपल्या इतिहासात अभिमान वाटावा असा प्रसंग मला हाच माहीत आहे, आणि तो वस्तरा न चालवण्याचा आहे. भाच्याला हे माहीत नव्हतं. त्याची परंपरा २०१२ सालच्या 'स्कायफॉल' या बाँडपटापासून सुरू होते. त्यात मनीपेनी मेणबत्त्यांच्या उजेडात बाँडची दाढी वस्तऱ्याने करते. मी त्याला एवढंच दाखवून दिलं, की बाबा, जेम्स बाँडसुद्धा वस्तरा दुसऱ्याच्या हातात देऊन मान वर करून बसला होता. आमच्या आजोबांसारखाच.

मग तो दाढीला बसला. म्हणजे उभा राहिला.

आधी चामड्याचा पट्टा दाराच्या कडीला अडकवला आणि वस्तरा त्यावर परजायला लागला. इथे एक बारकावा आहे. दगडावर धार पुढे ठेवून पातं सरकवायचं आणि पट्ट्यावर धार मागे ठेवून. पट्ट्यावर चुकून धार पुढे गेली की पट्टा कापला जातो. भाच्याच्या पट्ट्यावर असे तीन वार होते. एक तर इतका खोल, की पट्ट्याने काय केलं होतं असा प्रश्न पडावा. एका दाढीआधी पन्नास फेऱ्या. तो मोठ्याने मोजत होता. स्वयंपाकघरातून बहीण म्हणाली, "संध्येला बस म्हटलं तर पाच मिनिटं नाहीत." मग डोक्याचा एक केस उपटून चिमटीत उभा धरला आणि धारेला टेकवला. केस तुटला तर वस्तरा तयार. आपल्याकडे केसाने गळा कापतात, हा आधी वस्तऱ्याने केस कापून बघत होता. पुढचं ज्याचं त्याचं नशीब.

केस चौथ्या खेपेला तुटला. बाथरूमचं दार लागलं.

आणि घरात एक चमत्कार घडला. सगळे हळू बोलू लागले. मेव्हण्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. कामवाल्या मावशींनी भांडी आपटायची थांबवली. भाच्याचा फोन बाहेर टेबलावर थरथरत होता. ऑफिसमधून होता, रविवार असून. कोणी उचलला नाही, कोणी हाकही मारली नाही. बहीण तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "आत्ता नको. दचकेल." पंचवीस मिनिटं त्या घरातल्या एका माणसाला कोणीही, कशासाठीही बोलावलं नाही. कोथिंबीर आणायला नाही, गॅसवाल्याला पैसे द्यायला नाही, वायफाय बघायलाही नाही.

त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. पैसा, निसर्ग, कंपन्या, आजोबा हे सगळं लोकांना सांगायला. पूजेला बसलेल्या माणसाला उठवतात, जेवताना उठवतात, झोपेतून तर हमखास उठवतात. वर्तमानपत्र वाचणारा माणूस म्हणजे रिकामाच असं धरलेलं आहे. गृहस्थाला कोणी हाक मारू धजणार नाही अशी जागा एकच उरली आहे: मानेवर वस्तरा धरून आरशासमोर. यासाठी २३,००० मला एकदम रास्त वाटले.

म्हणून पुढच्या रविवारी मी स्वतः प्रयत्न केला.

उजवा गाल ठीक गेला. पातं कातडीशी साधारण तीस अंशांत ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने कातडी ताणायची. एकोणतिसाव्या वर्षी कातडी ताणावी लागते, अठ्ठावन्नाव्या वर्षी आधी गोळा करावी लागते. खर्रर्र असा बारीक आवाज येत होता आणि खरं सांगतो, छान वाटत होतं. इतकी वर्षं दाढी केली, पण दाढीचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. मग डावा गाल आला. उजवा हात डाव्या गालाकडे नेला की तो बरोबर आपल्या आणि आरशाच्या मध्ये येतो. मूठ नाकाला लागते. आणि आरशात आधीच डावं-उजवं बदललेलं असल्याने मेंदू सांगतो एक आणि मनगट करतं भलतंच. डाव्या हाताने करावं, तर माझ्या डाव्या हाताने आजवर घड्याळ घालण्यापलीकडे काही केलेलं नाही. तरी रेटलं. हनुवटीखाली आलो. आवंढा गिळायचा नाही, असं भाच्याने बजावलं होतं. आवंढा गिळायचा नाही म्हटल्यावर माणसाला गिळायला दुसरं काही सुचतच नाही.

घरातल्या माणसांना गप्प करता येतं. कुकरला नाही. पहिली शिट्टी झाली आणि मी बोधिवृक्षाखालून उठलो.

जखम काही मोठी नव्हती. फ्रान्सच्या तुरटीने आपल्या तुरटीइतकंच झोंबवलं. पण वस्तरा पुन्हा उचलायचा धीर होईना, आणि अर्धा गाल गुळगुळीत, अर्धा खुंटांचा, हनुवटीवर वर्तमानपत्राचा कपटा असा चेहरा घेऊन मी रविवारी साडेदहा वाजता, गर्दीच्या ऐन वेळी, नानांच्या सलूनमध्ये शिरलो. मागे भाचा, हातात वस्तऱ्याची पेटी.

बाकावर पाच जण होते. सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी वर्तमानपत्र वर घेतलं. नाना कैची थांबवून म्हणाले, "कोणी केलं हे?" कोणतंही सलून असो, आधीच्या हाताबद्दल हा प्रश्न विचारला जातोच. एरवी मी दुसऱ्या दुकानाचं नाव सांगून मोकळा होतो. या वेळी सोय नव्हती.

नंबर यायला वेळ होता म्हणून मी भाच्याला बर्ट्रांड रसेलच्या नावाने सांगितलं जाणारं कोडं सांगितलं. एका गावात एक न्हावी आहे. जे स्वतःची दाढी स्वतः करत नाहीत त्या सगळ्यांची, आणि फक्त त्यांचीच, दाढी तो करतो. तर त्याची दाढी कोण करतो? स्वतः करतो म्हणावं तर त्याने ती करता कामा नये. करत नाही म्हणावं तर त्यानेच करायला हवी. भाचा विचारात पडला. बाकावरचे दोघेही पडले. एक जण म्हणाला, "त्याची बायको." तर्कशास्त्राला हे उत्तर चालत नाही, पण बाकाला चाललं.

माझा नंबर आला. नानांनी पेटी उघडून वस्तरा हातात घेतला आणि मी बघतच राहिलो. भाचा दोन्ही हातांनी, श्वास रोखून जे पातं उघडतो, ते नानांच्या एका अंगठ्याने पंख्यासारखं उलगडलं. त्यांनी धारेवरून आडवा अंगठा अलगद फिरवला, तळहातावर पातं चार वेळा इकडून तिकडे थोपटलं, पुन्हा अंगठा फिरवला. "लोखंड एक नंबर आहे," ते म्हणाले. "धार लावणाऱ्याने वाट लावलीय." भाचा पट्ट्याच्या फेऱ्यांबद्दल काहीतरी सांगायला गेला आणि मधेच थांबला.

"तुमच्याकडे आहे का असा?" त्याने विचारलं.

"आजोबांचा आहे. धोकटीसकट. धार लावून लावून पातं एवढंच राहिलंय," नानांनी करंगळीची अर्धी रुंदी दाखवली. "घरी देव्हाऱ्याखाली असतो. दसऱ्याला काढतो."

"मग याने करा ना मामाची. उरलेली."

नानांनी मान हलवली. एड्सची भीती आली तेव्हापासून गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आधी ब्लेड नवीन आहे का बघतं. त्यांनी पुडीतून कोरं ब्लेड काढलं, कागदासकट मधोमध मोडलं, अर्धं त्यांच्या वस्तऱ्यात सरकवलं आणि उरलेला कागद मला दिसेल असा टाकला. दोन बोटांनी माझं डोकं तिरकं केलं. रेडिओ चालू होता, बाहेर टेम्पो मागे येत होता, शेजारच्या खुर्चीवरचा कारागीर फोनवर कोणाशी तरी भांडत होता, नाना स्वतः महापालिकेच्या पाण्याबद्दल बोलत होते, आणि हात चालू होता. सुलट एकदा, उलट एकदा. हनुवटीवरच्या जखमेला वळसा घालून. तुरटी. फवारा. टॉवेल. चार मिनिटं.

सत्तर रुपये दिले. भाच्याने वस्तरा पेटीत ठेवला, पेटी पिशवीत ठेवली आणि दारातून परत वळून म्हणाला, "नाना, एक विचारू? तुमची दाढी कोण करतं?"

बाकावरचे सगळे पुढे झुकले.

नानांनी आरशाखालचा खण ओढला. आत वापरून फेकायचा प्लॅस्टिकचा रेझर होता. पिवळ्या दांडीचा. वीस रुपयांचा.